कवडी, कडं आणि कुदळ

चिखलीजवळच्या कुदळवाडीत भंगाराचा जो बाजार होता, तो ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना त्याची कल्पना देणं अवघड आहे. पिंपरी, भोसरी, चाकण इथल्या कारखान्यांतलं नको असलेलं सगळं शेवटी तिथं येऊन पडायचं. पत्र्याची कातरण, जळालेल्या मोटारी, लाकडी पॅलेट, रसायनांची रिकामी पिंपं, तांब्याच्या तारा, पितळेचा चुरा. २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेनं तिथली हजारो अनधिकृत शेड आणि गोदामं पाडली. तिथं आगी लागायच्या, नदीत घाण जायची, हे सगळं खरं. तरी मला हळहळ वाटली. माझं अर्धं शिक्षण तिथं झालं आहे.

उरलेलं अर्धं शिक्षण भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या फाउंड्रीत झालं. आयटीआय करून लागलो आणि २९ वर्षं तिथं काढली, त्यातली बहुतेक क्वालिटी विभागात. आमच्याकडे सुट्टी गुरुवारची. लोक गुरुवारी दत्ताला जातात, मी कुदळवाडीत जायचो. जुने अडकित्ते, वजनमापं, कुलपं, समया वितळण्याआधी कुणीतरी बाजूला काढायला हव्यात, एवढीच तेव्हा समज होती. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय शाळेच्या सहलीत पाहिलं होतं. कविता लिहिताना 'अज्ञातवासी' हे नाव घेणाऱ्या दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास संग्रह सुरू केला आणि १९६२मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. त्यांनी राजांच्या तलवारींइतक्याच आस्थेनं बायकांच्या फणेरपेट्या आणि सुपारीचे अडकित्ते जमवले, ही गोष्ट शाळकरी वयातच मनात बसली होती.

२००४ साली एका गुरुवारी ओळखीच्या भंगारवाल्यानं तीन कडी माझ्यासमोर टाकली. आयात केलेल्या पितळी भंगाराच्या ढिगात सापडलेली. "साहेब, बैलाच्या पायातली दिसतात," तो म्हणाला. मलाही तेच वाटलं. पण घरी आणून धुतल्यावर काही केल्या जुळेना. नालासारखा आकार, मधे बारीक, दोन्ही टोकं पसरट, तुतारीच्या तोंडासारखी. बैलाच्या पायात जाणार नाही आणि माणसाच्या मनगटातही धड बसणार नाही. प्रत्येकाचं वजन ८० ते ९० ग्रॅमच्या आसपास. भंगारवाल्यानं मला ती किलोच्या भावानं दिली होती. चहा-वडापावला जेवढे पडतील तेवढे पैसे झाले होते.

ती कडी म्हणजे आफ्रिकेचं चलन आहे, हे कळायला मला दोन वर्षं लागली. एका ग्रंथालयात नाण्यांवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक चाळताना अचानक माझ्याच कड्याचं चित्र समोर आलं. नाव दिलं होतं मनिला. फिलिपिन्समधल्या शहराशी याचा संबंध नाही; पोर्तुगीज भाषेत हा कड्याला वापरायचा शब्द. इथून पुढे मला आफ्रिकेनं धरलं ते आजतागायत सोडलेलं नाही. मी त्या खंडावर कधी पाऊल ठेवलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पंधराव्या शतकात पोर्तुगीज जहाजं पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली तेव्हा तिथल्या लोकांना तांबं-पितळ हवं होतं. सोन्याचं त्यांना फारसं अप्रूप नव्हतं, ते त्यांच्याकडेच होतं. पितळ दागिन्याला, देवाला, राजाच्या दरबाराला लागायचं. मग पोर्तुगिजांनी पितळेची कडीच ओतून आणायला सुरुवात केली. सोळाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दुआर्ते पाशेको परेरा या पोर्तुगीज दर्यावर्दीनं लिहून ठेवलं आहे, की अशा बारा ते पंधरा कड्यांना एक गुलाम मिळतो. १५४८मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या फुगर या सावकार घराण्यानं पोर्तुगीज राजाशी करार केला. तीन वर्षांत सुमारे १४ लाख कडी पुरवायची. एखाद्या वाहन कंपनीनं चाकणच्या पुरवठादाराला तीन वर्षांचं शेड्यूल द्यावं तसंच हे. माल ठरलेल्या वजनाचा, ठरलेल्या मिश्रणाचा, वेळेवर. तो कशाच्या बदल्यात जाणार आहे, हा प्रश्न पुरवठादाराच्या कागदावर येत नाही.

आणि मग हेच पितळ बेनिनच्या राजवाड्यात पुन्हा वितळलं. बेनिन म्हणजे आजच्या नायजेरियातलं एदो लोकांचं राज्य. तिथल्या ओतारी कारागिरांनी मेणाचा नमुना करून, त्यावर मातीचा लेप देऊन, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतून जी शिर आणि फलक घडवले, त्यांच्यापुढे आजही आमच्यासारखा फाउंड्रीवाला हात जोडतो. ही रीत आपल्याला परकी नाही. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात ती सांगितली आहे, बस्तरचे कारागीर आजही त्याच रीतीनं ढोकरा काम करतात आणि आमच्या पट्ट्यातले कारखाने त्याच रीतीला इन्व्हेस्टमेंट कास्टिंग म्हणतात. १८९७मध्ये इंग्रजांनी बेनिन शहर लुटलं आणि ही शिल्पं युरोपभर गेली. २०२३मध्ये जर्मन संशोधक टोबियास स्कोव्रोनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुडालेल्या जहाजांतून आणि जमिनीवरच्या स्थळांवरून मिळालेल्या ६७ कड्यांचं रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केलं. त्यातल्या शिशाची जात जर्मनीतल्या ऱ्हाइनलंडच्या खनिजाशी जुळली, आणि बेनिनच्या शिल्पांशीही जुळली. ज्या कड्यांनी माणसं विकत घेतली गेली, त्याच कड्यांतून ती शिल्पं झाली, असा अंदाज बऱ्याच काळापासून होता. आता त्याला आधार मिळाला.

इथं मला माझी एक चूक सांगायची आहे. माझी तीन कडी काय आहेत हे कळल्यापासून कित्येक वर्षं मी ती दाखवताना एकच वाक्य बोलत आलो, "या कड्यांनी माणसं विकत घेतली." परिसरातल्या वाचनालयांत, शाळांत मी हे बोललो आहे, एका स्मरणिकेत लिहिलंही आहे. ऐकणारे गप्प व्हायचे. मुलं कड्याला हात लावायला कचरायची. त्या शांततेची मलाही थोडी चटक लागली होती, हे कबूल करतो. मग २०२३चा तो शोधनिबंध मुलीनं मला छापून आणून दिला आणि शब्दकोश घेऊन मी तो तीन आठवडे वाचला. त्यात स्पष्ट आहे, की जुन्या काळची कडी ही शिसं घातलेल्या पितळेची, म्हणजे तांबं, जस्त आणि शिसं. उत्तरकाळात मिश्रण बदलतं, त्यात अँटिमनी येतं.

भंगाराच्या धंद्यात आता पिस्तुलासारखं एक्सआरएफ यंत्र असतं. वस्तूवर टेकवलं, की काही सेकंदांत कोणता धातू किती ते सांगतं. धंद्यातले लोक त्याला 'गन' म्हणतात. एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे जाऊन माझी कडी गनसमोर धरली. हे यंत्र फक्त पृष्ठभाग वाचतं आणि शिसं पृष्ठभागावर जास्त दिसू शकतं, हे धरूनही निकाल स्वच्छ होता. तांबं, भरपूर शिसं, अँटिमनी. जस्त जवळजवळ नाही. म्हणजे माझी कडी पोर्तुगिजांची नव्हेत. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत ओतलेली, उत्तरकालीन, नायजेरियाच्या आग्नेय भागात 'ओकपोहो' म्हणून चाललेली.

याचा अर्थ काय? इंग्रजांनी १८०७मध्ये गुलामांचा व्यापार कायद्यानं बंद केला. त्यानंतर त्या किनाऱ्यावरून जाणारा मोठा माल म्हणजे पामतेल. साबणाला, मेणबत्त्यांना आणि यंत्रांच्या वंगणाला. माझ्या कड्यांनी बहुधा माणसं नाही, इंग्लंडच्या गिरण्यांचं वंगण विकत घेतलं. तेही निर्मळ नव्हतं. ते तेल काढायला आणि वाहायला तिथल्याच गुलामांना राबवलं जायचं. पण मी सांगत होतो ती गोष्ट माझ्या वस्तूची नव्हती. गोष्ट खरी होती, वस्तूही खरी होती, दोघांची गाठ मी मारली होती. संग्राहक ही चूक सगळ्यात सहज करतो. ज्या वाचनालयांत बोललो होतो, त्यांतल्या दोन ठिकाणी जाऊन मी दुरुस्ती सांगितली. एका ठिकाणी श्रोत्यांची थोडी निराशा झाली असं वाटलं.

या कड्यांचा शेवटही आमच्या ओळखीचाच आहे. १९४८-४९मध्ये नायजेरियातल्या वसाहत सरकारनं मनिलांचं चलन बंद करून ती विकत घेतली. ३ कोटी २०लाखांहून अधिक कडी गोळा झाली आणि भंगार म्हणून निकाली निघाली. समारंभासाठी दोनशेपर्यंत कडी घरात ठेवायला मुभा होती. त्या मुभेतून उरलेली कडी कुठून कुठून फिरत, कंटेनरमधून कुदळवाडीत पोचली असावीत. कुदळवाडीशिवाय मला ती भेटलीच नसती आणि कुदळवाडीत ती आणखी एक दिवस राहिली असती तर भट्टीत गेली असती.

माणसाच्या किमतीचा विषय निघालाच आहे, तर लांब जायला नको. चाकणहून नाशिक रस्त्यानं वर गेलं की जुन्नर. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात निजामशाहीची राजधानी काही काळ तिथं होती आणि कारभार होता मलिक अंबरच्या हातात. इथिओपियातून लहानपणी पकडून आणलेला हा मुलगा मोखा बंदरात वीस डुकटांना विकला गेला होता, असं डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुके याच्याकडून कळतं. त्याची जमीनमहसुलाची व्यवस्था आपण शाळेत शिकतो. वीस डुकट हा आकडा मात्र शाळेत शिकवत नाहीत.

आता कवडीकडे येतो. दिवाळीच्या अंकात तिचा मान पहिला असायला हवा होता. लक्ष्मीपूजनाच्या ताटात आपल्याकडे ती असतेच. भवानीच्या आराध्यांच्या आणि गोंधळ्यांच्या गळ्यात ती आहे, सारीपाटावर आहे, आणि भाषेत तर ठायी ठायी आहे. कवडीमोल, कवडीचुंबक, फुटकी कवडी. चलन म्हणून ती गेली आणि भाषेत तिची किंमत कायम शून्याजवळ राहिली.

ही पिवळसर, कोनदार पाठीची छोटी कवडी मुख्यतः मालदीवची. तिथले लोक नारळाच्या झावळ्या उथळ पाण्यात सोडत, कवड्या त्यांना चिकटत. मग झावळ्या किनाऱ्यावर ओढायच्या, कवड्या वाळूत पुरायच्या, आतला जीव कुजून गेला की धुऊन घ्यायच्या. त्या बंगालला जात आणि बदल्यात तांदूळ येई. बंगालमध्ये चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहन, असा १२८०पर्यंत हिशेब चाले. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता हा बहुधा कवडीच्या व्यापाराची दोन्ही टोकं पाहून लिहिणारा सर्वांत प्रसिद्ध माणूस. मालदीवमध्ये तो काझी होता. तिथं एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या, कधी तर बारा लाख मिळत असं तो सांगतो. पुढे काही वर्षांनी तो सहारा ओलांडून मालीच्या राज्यात गेला, तर तिथं तीच कवडी चलनात, आणि दिनाराला अवघ्या ११५०. किनाऱ्यावरचा आणि वाळवंटापलीकडचा भाव यांत साडेतीनशेपटीचा फरक.

या फरकावर पुढे डच आणि इंग्रज कंपन्यांनी धंदा उभारला. कवड्या भारतातून जहाजाच्या तळाला भार म्हणून ॲमस्टरडॅम आणि लंडनला जात, तिथं लिलाव होऊन पिंपांत भरून पश्चिम आफ्रिकेला. यान होगेनडॉर्न आणि मॅरियन जॉन्सन यांनी १९८६मध्ये यावर एक पुस्तक लिहिलं. त्यांच्या हिशेबानं अठराव्या शतकात या दोन देशांनी तिथं नेलेल्या कवड्यांची संख्या हजार कोटींच्या घरात जाते. त्यातला मोठा भाग गुलामांच्या खरेदीत गेला. मनिलाबद्दल मी जे वाक्य चुकीच्या वस्तूला चिकटवलं होतं, ते खरं म्हणजे आपल्या देवघरातल्या वस्तूच्या जातभाईंना लागू पडतं. वाचकांनी लक्ष्मीपूजनात कवडी ठेवू नये असं मला मुळीच म्हणायचं नाही, मीही ठेवतो. पण ती ठेवताना मला आता बंगालचा तांदूळ आणि आफ्रिकेचा किनारा दोन्ही आठवतात, त्याला इलाज नाही.

एकोणिसाव्या शतकात जर्मन व्यापाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेच्या झांझिबारहून दुसऱ्या जातीची कवडी पश्चिमेला नेली. ही जरा गुळगुळीत, पाठीवर नारिंगी-पिवळी अंगठी काढल्यासारखी रेघ. ती इतकी स्वस्त आणि इतकी अमाप होती, की बाजारात कवडीची किंमत कोसळली. माल वाहून न्यायचा खर्च मालापेक्षा जास्त होऊ लागला. कवडीमोल हा शब्द तिकडच्या भाषांत असता, तर त्याच काळात तयार झाला असता. उलट घानानं १९६५मध्ये स्वतःचं चलन काढलं तेव्हा त्याला नाव दिलं सेडी. अकान भाषेत त्याचा अर्थ कवडी. त्यांनी तिला पुन्हा मोल दिलं.

लोखंडाकडे वळताना मी जरा सुखावतो, कारण तो माझा प्रांत. माझ्याकडे किस्सी लोकांच्या चार 'पेनी' आहेत. सिएरा लिओन, लायबेरिया आणि गिनी यांच्या सीमाभागातलं हे चलन. हातभर लांबीची पीळ दिलेली लोखंडी सळई, एक टोक इंग्रजी टी अक्षरासारखं, दुसरं चपटं. त्या लोकांनी एकाला कान म्हटलं, दुसऱ्याला पाय. वीसची जुडी बांधून देवघेव व्हायची. पीळ कशाला, हे मला पुस्तकांत वाचण्याआधी हातात घेतल्यावर कळलं, असं वाटतं. ठिसूळ लोखंडाला असा पीळ देता येत नाही, ते तडकतं. ओतलेल्या लोखंडाला तर नाहीच. म्हणजे माल चांगला आहे याची तपासणी त्या पिळातच करून ठेवलेली. घेणाऱ्याला वेगळं सर्टिफिकेट मागावं लागत नाही. या सळईत जीव असतो अशी समजूत होती. ती मोडली तर जीव निघून गेला, मग ती चालत नसे. विधी करून ती सांधण्याचा अधिकार ठरावीक माणसालाच. आपल्याकडे फाटकी नोट बँकेत बदलून मिळते, तिथं मोडलेल्या पैशाचा विधी करावा लागे.

आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत कुदळीचं पातंसुद्धा पैसा होतं. विशेषतः लग्नात मुलीच्या माहेरी द्यायचं धन कुदळींत मोजलं जायचं. बारकाईनं पाहिलं तर यातली काही पाती कधी जमिनीत गेलेलीच नसतात. फार पातळ, फार मोठी, धार न लावलेली. ती कुदळ दिसते, काम करत नाही. अवजारातून चलन, चलनातून समारंभाची वस्तू, असा तिचा प्रवास होतो. हे मला समजावून घ्यायला आफ्रिकेचं पुस्तक लागलं नाही. खंडेनवमीला भोसरीत कुठल्याही शेडमध्ये जा. सीएनसी यंत्राला झेंडूची माळ, समोर पाना, पक्कड आणि व्हर्नियर कॅलिपर हळदकुंकू लावून मांडलेले. त्या दिवशी व्हर्नियरनं कुणी माप घेत नाही. नायजेरियाच्या योरुबा लोकांत ओगुन हा लोखंडाचा देव. पूर्वी तो लोहारांचा आणि शिकाऱ्यांचा होता, आता ट्रक ड्रायव्हर आणि मेकॅनिकही त्याला मानतात. तिथल्या कोर्टात परंपरेनं चालणारा माणूस लोखंडाच्या तुकड्यावर शपथ घेऊ शकतो.

आपल्याकडून तिकडे फक्त कवडी गेली असं नाही. पूर्व आफ्रिकेत रुपया कितीतरी वर्षं राजरोस चालत होता. केनिया-युगांडाची रेल्वे बांधायला १८९६पासून गेलेले सुमारे ३२ हजार भारतीय मजूर रुपयांतच पगार घेत. स्वाहिली भाषेत आजही पैशाला 'पेसा' म्हणतात, लाखाला 'लाकी' आणि दुकानाला 'दुका'. सगळ्यात मजेची गोष्ट मुंबईची. ऑस्ट्रियाच्या राणी मारिया थेरेसाचं चांदीचं नाणं इथिओपिया आणि येमेनच्या लोकांना इतकं पसंत पडलं, की राणी १७८०मध्ये वारली तरी पुढची नाणी त्याच सालाची पाडत राहावी लागली. साल बदललं तर लोक नाणं घेत नसत. दुसऱ्या महायुद्धात, १९४० आणि ४१मध्ये, हे १७८० सालचं नाणं मुंबईच्या टांकसाळीत पाडलं गेलं, सुमारे १ कोटी ८८ लाख. त्यातलं एक मला पुण्यातल्या नाण्यांच्या प्रदर्शनात मिळालं. २८ ग्रॅम वजन, राणीचा भरलेला चेहरा, आणि जन्म बहुधा फोर्टातला.

संग्रह वाढू लागला तसे विकणारेही भेटू लागले, आणि नकली मालही. कटांगाचा तांब्याचा क्रूस हा सगळ्यांना हवा असतो. कांगोच्या दक्षिण भागातल्या तांब्याच्या खाणींजवळ ओतलेलं हे चलन. कटांगा प्रांत १९६०मध्ये फुटून निघाला तेव्हा त्याच्या झेंड्यावर असे तीन क्रूस होते. मला एकानं फोटो पाठवला आणि 'दोनशे वर्षं जुना' म्हणून सांगितलं. खरा क्रूस उघड्या साच्यात ओतलेला असतो, एक बाजू साच्याची, दुसरी हवेला उघडी, तिच्यावर धातू थिजतानाच्या सुरकुत्या. फोटोतल्या क्रूसाच्या कडेनं बारीक रेघ फिरत होती. दोन पेट्यांच्या साच्यात ओतल्यावर मधल्या सांध्यावर जी येते ती. आमच्याकडचा शिकाऊ पोरगाही ती ओळखेल. वर ॲसिड आणि बुटाचं पॉलिश. मी नको म्हटलं.

नकली मालापेक्षा अस्सल माल जास्त अडचणीत टाकतो, हे मात्र मला उशिरा कळलं. आमच्या पट्ट्यात तयार झालेल्या मोटारसायकली आणि ट्रक आफ्रिकेत मोठ्या संख्येनं जातात, त्यामुळे तिकडे दोन-चार वर्षं राहून आलेले सर्व्हिस इंजिनिअर इथं कमी नाहीत. अशाच एका निगडीतल्या गृहस्थांचं निधन झाल्यावर त्यांच्या पत्नीनं मला बोलावलं. मी त्यांना वहिनी म्हणतो. शोकेसमधल्या आफ्रिकेच्या वस्तू काढून टाकायच्या होत्या. मुलगा परदेशात, त्याला नको होत्या. बहुतेक वस्तू विमानतळावर मिळतात तशा, आबनुसाचे मुखवटे वगैरे. एक हस्तिदंताचं कडं होतं. आपल्याकडे आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारालाही १९९१पासून वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, ते विकता येणार नाही आणि मी घेणारही नाही, एवढं सांगून वन खात्याला कळवायला सुचवलं.

आणि मागच्या बाजूला, काचेला टेकून, एक पितळी जोडी होती. वीतभर उंचीच्या दोन आकृत्या, एक पुरुष, एक स्त्री, खाली लोखंडी टोक, आणि दोघांची डोकी साखळीनं जोडलेली. मी पुस्तकांत ती इतक्यांदा पाहिली होती, की क्षणभर हात पुढे जाईना. योरुबा लोकांत ओग्बोनी नावाची वडीलधाऱ्यांची संस्था आहे, भूमीला मानणारी, पूर्वी राजालाही जाब विचारू शकणारी. तिच्या सभासदाची खूण म्हणजे ही जोडी, एदान. बाहेरच्यांनी तिला हात लावू नये असा संकेत. आपल्याकडे गुरूनं मंत्र दिलेल्या वस्तूचा जो अर्थ असतो, त्याच्या जवळ जाणारं काहीतरी.

प्रवाशांसाठी केलेल्या एदानही पुष्कळ असतात, म्हणून मी आशेनं भिंग काढलं. आशा अशी, की नकली निघावी. साखळीच्या कड्या तपासल्या. नुसती लटकत राहिलेली साखळी सगळीकडे सारखी दिसते. ही एकाच बाजूला झिजली होती, दोन ठिकाणी तर निम्म्याहून पातळ. कपाळ आणि नाक हाताळून गुळगुळीत झालेलं, कानामागची रेघ मात्र अजून तीक्ष्ण. कित्येक वर्षं कुणाच्या तरी गळ्यात आणि हातात असल्याशिवाय असं होत नाही. "यांनी कुठून घेतली होती, वहिनी?" मी विचारलं. "कोणीतरी निरोपाला दिली म्हणाले होते. नाव सांगितलं होतं, माझ्या लक्षात नाही." ज्यांच्या लक्षात असतं ते गेले होते.

मी विकत घेत नाही म्हटलं. त्यांनी विकतही दिली नाही, कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला कळतं, तुम्हीच बघा काय ते. मी दिली तर बोहारणीला जाईल." त्यांचं बरोबर होतं. माझी तीन कडीही अशीच भट्टीच्या तोंडातून आली होती. पण कडं हा पैसा आहे. तो हातातून हातात जाण्यासाठीच असतो, माझ्या हातात आला तर कुणाचं काही बिघडत नाही. एदान तशी नाही. ती देणाऱ्यानं खरंच दिली असेल, किंवा त्याची ती द्यायची नसेलही, किंवा त्या वर्षी त्याला पैशाची फार गरज असेल. २०२२च्या डिसेंबरमध्ये जर्मनीनं बेनिनच्या लुटीतल्या वीस वस्तू नायजेरियाला परत केल्या, ती बातमी मी कापून ठेवली आहे. तिथं सैन्य होतं, लूट होती, तारीख होती. इथं निगडीतला एक सज्जन माणूस आणि निरोपाची भेट. तरी मला ती माझ्या संग्रहात धरवत नाही.

माझ्या नोंदवहीत प्रत्येक वस्तूला एक पान आहे. काय, वजन, माप, कोणाकडून, कधी, त्यांच्याकडे कुठून, आणि शेवटचा रकाना 'हे मला कशावरून कळलं'. हा रकाना मनिलाच्या चुकीनंतर वाढवला. वाचकांपैकी कुणाच्या घरी आफ्रिकेत नोकरी केलेल्या काकांनी, वडिलांनी आणलेलं काही असेल, तर एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत त्यावर पितांबरी घासू नका. आणि आणणारं माणूस अजून बोलतं आहे तोवर गावाचं नाव आणि देणाऱ्याचं नाव एका चिठ्ठीवर लिहून त्या वस्तूसोबत ठेवा. बाकीचं नंतर कुणीही शोधून काढील, ही दोन नावं कुणालाही शोधता येत नाहीत.

एदान गेले आठ महिने कपाटात, आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात आहे. शोकेसमध्ये ठेवली नाही. दिल्लीतल्या नायजेरियाच्या उच्चायुक्तालयाला लिहायच्या पत्राचा मसुदा मुलीनं इंग्रजीत नीट करून दिला आहे, फोटो जोडले आहेत, वहिनींची संमतीही घेतली आहे. ही वस्तू योग्य माणसांकडे जावी, आणि योग्य माणसं कोण हे तुम्ही ठरवावं, एवढंच त्यात आहे. वजन लिहायचं राहिलं होतं, म्हणून काल रात्री जोडी पुन्हा बाहेर काढली. साखळीसकट ४१२ ग्रॅम.